अकरात दोन कमी

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे नुकतीच आली होती. शाळेला क्रीडाशिक्षक नव्हता. पुण्याच्या सेमिनरीत रोज संध्याकाळी फुटबॉल खेळण्याचा आमचा परिपाठ असे. तेवढ्याच भांडवलावर मी मुलांना शिकवू लागलो. वर्षभरात पंधरा मुलांचा संघ उभा राहिला आणि जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धेत आम्ही प्रथमच नाव नोंदविले.

श्रावण संपत आला होता. सामना दोन दिवसांवर आला, तेव्हा पंधरांपैकी नऊ मुलेच उरली होती. दोघांना हिवतापाने गाठले होते, तिघांना निंदणीसाठी घरच्यांनी नेले होते आणि एकाच्या घरी मयत झाली होती. मी आयोजकांना पत्र लिहिले : 'अपरिहार्य कारणास्तव आमचा संघ उपस्थित राहू शकत नाही.' प्रतिस्पर्धी शाळेला पुढे चाल मिळाली. त्या संध्याकाळी अंगणातल्या दोरीवर नऊ गणवेश धुऊन वाळत घातलेले होते. कर्णधार माझ्याजवळ आला आणि अहिराणीत म्हणाला, "फादर, आते काय करानं?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." तो जरा थांबला आणि त्याने विचारले, "नऊ जणांवर खेळता येत नाही का?" मी ठामपणे "नाही" म्हणालो.

काही महिन्यांनी खेळाच्या नियमांची एक पुस्तिका माझ्या हाती पडली. तिसऱ्या नियमात स्वच्छ लिहिले होते की, कोणत्याही संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येणार नाही. म्हणजे सात असतील तर करता येतो. आमच्याकडे गरजेपेक्षा दोन अधिक होते! पुढच्या वर्षी हे त्या कर्णधाराला सांगावे म्हटले, तर तो शाळेत नव्हता. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, तो परत आलाच नाही.

वाचकहो, एका शब्दाच्या अज्ञानाने नऊ मुलांचा सामना हिरावून घेतला, ही बोच माझ्या मनात राहिली. अकरा हा आकडा मी जणू दहा आज्ञांच्या पंक्तीला नेऊन बसविला होता. त्या बोचेपोटी मी फुटबॉलचा इतिहास वाचू लागलो. त्या वाचनात मला जे गवसले, ते अपुऱ्या संघांविषयीचे आहे आणि त्यांना शिकविणाऱ्यांविषयीचेही आहे.

प्रथम अकरा या आकड्याकडे पाहू. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे पहिले लिखित नियम तयार झाले. त्या नियमांत एका बाजूला किती खेळाडू असावेत याचा उल्लेखच नाही. दोन्ही कर्णधारांनी आपसांत ठरवावे आणि खेळावे, असा तो काळ होता. १८७१ साली एफ. ए. कप ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्या नियमांत प्रत्येकी अकरा खेळाडू आले. खेळाच्या सर्वसाधारण नियमांत हा आकडा १८९७ साली नोंदला गेला. म्हणजे फुटबॉलला नियम मिळाल्यानंतरही सुमारे चौतीस वर्षे अकराचे बंधन सर्वांवर नव्हते. संख्या ही खेळाची सोय आहे. खेळाचा प्राण तिच्यात नाही.

आपल्या देशात हा खेळ आला तो मुख्यतः लष्करी छावण्यांतून आणि शाळांतून. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. भारतीय संघाला, बंगळूरच्या 'बँगलोर मुस्लिम्स'ला, तो जिंकण्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले. गोव्यात मात्र खेळ आला तो एका धर्मगुरूंच्या हातून. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ साली शिवोली येथे मुलांना फुटबॉल शिकविला, असे गोव्याचा क्रीडा-इतिहास सांगतो. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेच्या मैदानावर तो रुजला. गोव्यात आज चर्चच्या शेजारचे पटांगण आणि फुटबॉल या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, त्याचे मूळ तिथे आहे.

या खेळात भारतीयांनी मिळविलेला पहिला मोठा विजयही उणिवेतूनच आलेला आहे. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. मोहन बागानच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. पायात बूट होते ते एकट्याच्या : डावीकडचा बचावपटू सुधीर चॅटर्जी. तो ख्रिस्ती होता, भवानीपूरच्या लंडन मिशनरी सोसायटीच्या महाविद्यालयात शिकवीत असे आणि पुढे रेव्हरंड झाला. त्या दिवशी बुटांच्या अकरा जोडांसमोर एकच जोड होता. तरीही पिछाडीवरून शिबदास भादुरीने बरोबरी साधली आणि अभिलाष घोषने विजयी गोल केला. आपल्याकडे काय नाही याची यादी त्या संघाने केली असती, तर ती लांबलचक झाली असती.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक स्पर्धा भरली. पात्रता-गटातील ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपले नाव पडले. पण आपण गेलोच नाही. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून भारताने नकार दिला, अशी कथा अजून सांगितली जाते. राष्ट्रीय महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे निराळी होती : संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. कारणांची चिकित्सा अभ्यासक करोत. मला त्यात माझ्या पत्रातील 'अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द ऐकू येतात. त्या स्पर्धेत अखेर तेराच संघ खेळले. आपण गेलो असतो तर कदाचित मोठ्या फरकाने हरलो असतो. पण आजवर पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत भारताचा एकही सामना नोंदलेला नाही, ती पाटी कोरी राहिली नसती.

सहा वर्षांनी दान उलटे पडले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला सामना बलाढ्य हंगेरीशी होता. त्याच वर्षी हंगेरीवर सोव्हिएत रणगाडे चालून गेले होते. त्यांचा फुटबॉल संघ स्पर्धेतून बाहेर पडला आणि भारताला पुढे चाल मिळाली. पुढच्या सामन्यात आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यातील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे होते. मुंबईत खेळणाऱ्या या गोमंतकीय ख्रिस्ती युवकाने ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नाव कोरले. भारत उपांत्य फेरीत पोहोचला आणि चौथा आला. पुढे चाल मिळणे हे ज्याचे त्याचे भाग्य. ती दुसऱ्याला देणे मात्र आपल्या हाती असते.

मेलबर्नच्या त्या संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. 'शिक्षक' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर होते. त्यांचे मार्गदर्शन म्हणजे अध्यापनच होते. मुलांना चेंडू पायाशी घोळवत ठेवण्याची सवय लागते, ती मोडावी म्हणून ते असे सामने घेत की ज्यात चेंडू आपल्यापाशी राखण्याची परवानगीच नसे. आला की तो सहकाऱ्याला द्यायचा. दुबळा पाय सुधारावा म्हणून केवळ त्याच पायाने खेळायचे सामनेही ते घेत. चांगला मास्तर मुलाला येत नाही तेच नेमके गृहपाठात देतो, त्यातलाच हा प्रकार.

१९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत त्यांची खरी परीक्षा झाली. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावाचा कणा असलेल्या जर्नेल सिंगच्या डोक्याला जबर दुखापत होऊन टाके पडले. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने अंथरुणाला खिळला होता. रहीमसाहेब स्वतः कर्करोगाने पोखरले गेले होते. जखमी जर्नेल बचावात उभा राहिला तर उंच चेंडूंवर सतत डोके घालावे लागणार. आणि त्याला बसविले तर संघाचा धीर जाणार. रहीमसाहेबांनी त्याला उचलून आघाडीच्या फळीत ठेवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला भारताने ३-२ असे हरविले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे एक लाख प्रतिकूल प्रेक्षकांसमोर पुन्हा दक्षिण कोरियाशी गाठ पडली. गोलात थंगराज उभा होता. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा केला तो जर्नेल सिंगने. भारत २-१ असा जिंकला. रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी वारले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला मिळालेले नाही.

जर्नेलला पुढे ठेवणे ही अपुऱ्या संघाच्या शिक्षकासाठी सर्वांत मोठी शिकवण आहे. 'कोण नाही' हा हिशेब एकदा संपवावा आणि 'जो आहे तो आणखी कोठे उपयोगी पडेल' हा हिशेब सुरू करावा.

त्या काळी बदली खेळाडूची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडच्या लीगमध्ये जखमी खेळाडूऐवजी एकाला उतरविण्याची मुभा १९६५-६६ च्या हंगामात मिळाली. विश्वचषकात बदली खेळाडू प्रथम दिसले ते १९७० साली मेक्सिकोत. त्याआधी कोणाचा पाय मुरगळला तर त्याला मैदानाच्या कडेला उभे करीत, आणि उरलेले दहा जण खेळ चालू ठेवीत. ५ मे १९५६ रोजी एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन प्रतिस्पर्ध्यावर आदळला, तेव्हा सामन्याची सुमारे सतरा मिनिटे उरली होती. तो तसाच उभा राहिला, आणखी चेंडू अडविले आणि सिटी ३-१ अशी जिंकली. काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत दिसले की, त्याच्या मानेचा मणका मोडला होता. हा ट्राउटमन जर्मन सैनिक; युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आला आणि तेथेच राहिला. १९४९ साली सिटीने त्याला घेतले तेव्हा हजारो लोकांनी निषेध केला होता. त्याच लोकांनी पुढे त्याला डोक्यावर घेतले.

मोडक्या मानेने खेळावे, असे मी कोणत्याही मुलाला सांगणार नाही. शाळेतील शिक्षकाने तर जखमी मूल तत्काळ बाहेर काढले पाहिजे, मग संघात सात उरोत की सहा. ट्राउटमनची गोष्ट मी सांगतो ती एवढ्याचसाठी की, अपुरेपण हा या खेळाचा अपवाद नव्हता. जवळजवळ शंभर वर्षे तो त्याचा नित्याचा अनुभव होता.

सातच्या नियमाचा दुरुपयोगही झालेला आहे. १६ मार्च २००२ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड युनायटेडचा संघ वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध ०-३ असा मागे होता. त्यांच्या तिघांना पंचांनी बाहेर काढले, बदली खेळाडू संपले आणि मग आणखी दोघे दुखापतीचे कारण सांगून बाहेर गेले. सहाच उरल्यामुळे ८२ व्या मिनिटाला पंचांना सामना थांबवावा लागला. चौकशीनंतर ०-३ हाच निकाल कायम करण्यात आला.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवावेसे वाटते. हिंदी महासागरातील कोमोरोस हा जेमतेम नऊ लाख वस्तीचा बेटांचा देश. २०२२ साली तो आफ्रिका चषकात प्रथमच खेळला आणि बाद फेरीत यजमान कॅमेरूनसमोर आला. एक गोलरक्षक जखमी झालेला, उरलेल्या दोघांना करोनामुळे मनाई. शेवटी शाकेर अल्हादूर हा बचावपटू गोलात उभा राहिला. सातव्या मिनिटाला त्यांच्या कर्णधाराला लाल कार्ड मिळाले, म्हणजे दहाच उरले. हा सामना किती गोलांनी हरणार एवढीच उत्सुकता उरली होती. कोमोरोस हरला तो १-२ असा; आणि त्यांचा तो एक गोल, युसुफ मशांगामाने दुरून मारलेली फ्री किक, त्या स्पर्धेतील देखण्या गोलांपैकी एक ठरला.

बायबलच्या वाचकाला येथे शास्त्यांच्या पुस्तकातील गिदोन आठवल्याशिवाय राहणार नाही. बत्तीस हजारांचे सैन्य. त्यातील बावीस हजार भीतीने परतले, दहा हजार उरले, आणि अखेरीस मिद्यान्यांसमोर उभे राहिले ते तीनशे. फुटबॉलच्या मैदानावर देव कोणाची बाजू घेतो असे मी मानीत नाही. परंतु मोजदाद संपल्यावर जे उरतात त्यांच्याकडे नीट पाहावे, एवढे त्या अध्यायातून कोणत्याही शिक्षकाने घ्यायला हरकत नाही.

संख्या अपुरी, जागा अपुरी, म्हणून खेळालाच नवे रूप देणारे शिक्षकही झाले. १९३० साली उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरात वाय. एम. सी. ए.चे शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी लहान जागेत, प्रत्येकी पाच जणांनी खेळायचा प्रकार बसविला. आज जगभर तो फुटसाल म्हणून ओळखला जातो. आपल्या महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतील मुलांना फुटकी बादली लाथाडताना पाहिले आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. तिच्यातील मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली. त्या स्पर्धेत एका बाजूला चारच खेळाडू मैदानात असतात. बारसे यांच्या कार्यावर आधारलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला, तेव्हा आमच्या वसतिगृहातील मुलांनी तो मोठ्या आवडीने पाहिला. भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८ पासून लहान मुलांसाठी कमी खेळाडूंच्या 'बेबी लीग' सुरू केल्या आहेत.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम फुलून जाते. जळगाव-धुळ्याकडे तसा वारसा नाही. आमची मुले कबड्डीत, खो-खोत, कुस्तीत वाढलेली. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा संकल्प केला आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले. चेंडू आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण चेंडूमागे धावणारी मुले कोठे आहेत, हा प्रश्न येथे शेतीच्या पंचांगाशी बांधलेला आहे. पावसाळ्यात निंदणी, आश्विन-कार्तिकात कापूस वेचणी, दिवाळीनंतर ऊसतोड. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत तर काम वर्षभर असते. सुब्रोतो चषकासारख्या शालेय स्पर्धेच्या तालुका-जिल्हा फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात. १९६० साली सुरू झालेल्या या स्पर्धेला भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांचे नाव आहे. देशभरातील शाळा तीत उतरतात. आमच्या भागातून संघ कमी जातात. त्यामागे मुलांची अनिच्छा नसते. आईबापांच्या मजुरीचा तो हिशेब असतो, आणि त्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून येथील शिक्षकाने संघ बांधतानाच तो अपुरा पडणार हे धरून चालावे. अनुभवाने मी काही गोष्टी शिकलो. त्या येथे नोंदवितो.

शंभर मीटर लांब आणि चौसष्ट मीटर रुंद मैदान घ्या. क्षेत्रफळ ६,४०० चौरस मीटर. गोलरक्षक सोडून दहा खेळाडू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ६४० चौरस मीटर येतात. आठच असतील तर ८००. तेवढी जमीन चौदा-पंधरा वर्षांचे मूल तासभर राखू शकत नाही. मग काय करायचे? दुष्काळात आमचा शेतकरी करतो तेच. विहिरीत पाणी थोडे असले की तो सगळ्या रानाला ओल देत बसत नाही. कोणता तुकडा जगवायचा हे ठरवितो आणि बाकीच्यावर पाणी सोडतो. अपुऱ्या संघाने दोन्ही कडा सोडून द्याव्यात आणि आपल्या गोलासमोरचा मधला पट्टा जगवावा. चौघे मागे, तिघे मध्ये, एक पुढे. आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचे अंतर तीस-पस्तीस पावलांपेक्षा वाढू द्यायचे नाही. चेंडू मिळाला की घाबरून लांब उडवायचा नाही, कारण पुढे तो घेणारा एकटाच असतो. आधी जवळच्या भिडूला द्यायचा, श्वास घ्यायचा, मग पुढे जायचे. थ्रो-इन असो वा गोल-किक, ती सावकाश घ्यायची. पळणे हे दुर्मिळ धन आहे. ते उधळायचे नाही.

दुसरे, प्रत्येक मुलाला दोन जागा शिकवाव्यात आणि किमान तिघांना गोलरक्षण. आठवड्यातून एक दिवस मुद्दाम सात विरुद्ध नऊ असा सराव घ्यावा आणि चांगल्या खेळाडूंना सातांत टाकावे. म्हणजे सामन्याच्या दिवशी कोणी आले नाही, तर मुलांना ते संकट वाटत नाही. तो बुधवारचा नेहमीचा सराव वाटतो.

तिसरे, जी मुले येऊ शकली नाहीत त्यांच्याविषयी कटू शब्द बोलू नये आणि मुलांनाही बोलू देऊ नये. निंदणीला गेलेला मुलगा संघ सोडून गेलेला नसतो. तो परतला की त्याची जागा त्याला मिळाली पाहिजे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिकविणाऱ्या आणि तेथील छात्रालय सांभाळणाऱ्या साने गुरुजींची परंपरा आम्हा खानदेशातील शिक्षकांना लाभली आहे. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून ठेवीत. मुलाला त्याच्या घरच्या परिस्थितीसकट स्वीकारावे, हे त्यांनी न बोलता दाखविले.

माघारीच्या त्या पत्रानंतर दोन वर्षांनी तालुक्याच्या स्पर्धेच्या दिवशी आमच्याकडे आठ मुले होती. आदल्या रात्री मी त्यांना सर्व सांगितले : आपण आठ आहोत, समोर अकरा असतील, बहुधा आपण हरू, जायचे की नाही ते तुम्ही ठरवा. उत्तर देण्याऐवजी एकाने गणवेशाची पिशवी उचलली आणि दाराशी नेऊन ठेवली. पहाटे साडेपाचच्या एस. टी.ने आम्ही निघालो. मैदानावर पंचांनी आठ मुले पाहून माझ्याकडे प्रश्नार्थक नजर टाकली. मी नियमांची पुस्तिका खिशातून काढली, पण ती उघडण्याची वेळ आली नाही. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. उत्तरार्धात मुले थकली आणि आम्ही ०-३ असे हरलो. अखेरची शिट्टी झाली तेव्हा फक्कीने आखलेल्या रेषा पावसाने पुसून गेल्या होत्या आणि आमची मुले चिखलात बसली होती.

परतीच्या एस. टी.त कोणी बोलले नाही. माझ्या मनात आले, आणून चूक तर केली नाही ना? रात्री प्रार्थना झाली, दिवे मालविले, आणि थोड्या वेळाने मुलांच्या खोलीतून आवाज येऊ लागले. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. दुसरा गोल कोणाच्या चुकीने झाला यावर वाद पेटला होता. एक म्हणत होता, तू पुढे का गेलास. दुसरा म्हणत होता, तू मागे का राहिलास. गोलात उभा राहिलेला मुलगा दोघांवरही चिडला होता. एरवी मी दारावर टकटक करून सर्वांना गप्प केले असते. त्या रात्री केले नाही. आधीच्या त्या नऊ मुलांना असा एकही गोल मिळाला नव्हता, की ज्यावरून अंधारात पडल्या पडल्या भांडावे. मी पावले न वाजविता माझ्या खोलीकडे परतलो. वाद पुढे बराच वेळ चालू होता.